तळ्याचे ऋतू उशिरा येतात

तळ्याकाठचे फोटो बघा, कुणाचेही, अगदी घाईघाईत मोबाईलवर काढलेले असू देत, त्यात आपण ज्या गोष्टीवर थबकतो ती बरेचदा उजेडाची करामत असते हे खरं, पण तितक्याच वेळा तिथे दिसत असतं पाणी आणि हवा यांचं एकमेकांशी न जुळणं. उजेडाबद्दल सगळेच बोलतात, गोल्डन अवर आणि काय काय. या न जुळण्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि मला विचाराल तर तळ्याकाठची निम्मी मजा तिथेच आहे.

म्हणजे असं बघा. जमिनीला ऋतू लगेच कळतो, ऊन वाढलं की माती तापते, रात्र मोठी झाली की गारठते. पाण्याचं तसं नाही. १ किलो पाणी १ अंश सेल्सियसने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल उष्णता लागते, तेवढ्याच कोरड्या वाळूला ०.८ च्या आसपास पुरते. शिवाय वाळूवर पडलेलं ऊन वरच्या काही सेंटिमीटरमध्येच अडकतं, पाण्यात मात्र उजेड काही मीटर आत शिरतो आणि वारा ते पाणी ढवळत राहतो, त्यामुळे तापवायचं पाणीच मुळात कितीतरी जास्त. परिणाम असा की तळं उशिरा तापतं आणि उशिराच गार होतं. उत्तर अमेरिकेतलं सुपीरियर सरोवर घ्या, तिथे सगळ्यात मोठा दिवस जूनमध्ये, हवा सगळ्यात गरम जुलैत, आणि पाण्याचा पृष्ठभाग सगळ्यात उबदार होतो तो ऑगस्ट संपता संपता किंवा सप्टेंबरात, तोवर काठावरच्या काही झाडांनी पिवळं पडायला सुरुवातही केलेली असते. थंडीतही तेच, बर्फ सगळ्यात जास्त पसरलेला दिसतो फेब्रुवारीच्या शेवटी किंवा थेट मार्चमध्ये.

काठावर ही दोन वेळापत्रकं एकमेकांना भिडतात. धुकं, मृगजळ, अचानक गार झालेलं पाणी, उशिरा फुलणारी झाडं, हे सगळं त्या भिडण्यातून येतं.

अजून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, पुढे सारखी लागणार आहे. बहुतेक द्रव गार होत जातात तसे जड होत जातात. गोडं पाणी हा नियम साधारण ४ अंशांपर्यंतच पाळतं, नेमकं सांगायचं तर ३.९८, त्याच्या खाली गेलं की ते परत हलकं व्हायला लागतं आणि बर्फ झालं की तर ८-९ टक्क्यांनी हलकं. शाळेत हे आपण 'म्हणून मासे जगतात' एवढ्यावर आटोपतो. पण तळं कधी ढवळणार, कधी थर धरणार, बर्फ आधी कुठे धरणार आणि आधी कुठे सुटणार, हे सगळं या एका आकड्यावर चालतं.

सुरुवात पानगळीपासून करू, कारण पाणी आणि हवा यांच्यातलं भांडण तेव्हा सगळ्यात उघड दिसतं. हवा झपाट्याने गार होत असते, तळ्याने मात्र उन्हाळाभर उष्णतेची मुदत ठेव करून ठेवलेली असते आणि आता ती थोडी थोडी मोडून खात असतं. निरभ्र, वारा पडलेली रात्र असेल तर पहाटेपर्यंत जमिनीवरची हवा अगदी थंड होते आणि ती उतारावरून घरंगळत पाण्यावर येऊन बसते. पाण्याला लागून असलेल्या पातळशा हवेच्या थरात ऊबही असते आणि भरपूर बाष्पही, तो थर वरच्या गार हवेत मिसळला की त्या मिश्रणाला एवढं बाष्प पेलवत नाही आणि बारीक थेंब तयार होतात. हेच ते पाण्यावरून उठणारं धुकं. गंमत म्हणजे इथे हवा खालून तापत असते, म्हणून हे धुकं आपल्या नेहमीच्या धुक्यासारखं सपाट पसरून राहत नाही, ते दोऱ्यांसारखं, झुबक्यांसारखं वर चढतं आणि कधीकधी तर त्याचे छोटे फिरते खांब होतात जे पाण्यावरून चालल्यासारखे सरकतात. ऊन वर आलं की हवा तापते, थेंब विरतात आणि तासा-दोन तासांत खेळ खलास. बघायचं असेल तर सूर्य समोर ठेवून बघा, पाठीमागे नाही, कारण एवढे बारीक थेंब उजेड मुख्यतः पुढच्या दिशेने फेकतात, सूर्याच्या बाजूला तोंड केलं की तेच धुकं पेटल्यासारखं दिसतं आणि पाठ केली की नुसतंच करडं.

याच दिवसांत समोरचा काठ पाण्यापासून सुटून हवेत तरंगतोय असं वाटतं कधीकधी. पाण्याजवळची हवा उबदार म्हणजे विरळ, वरची गार म्हणजे दाट, प्रकाशाचे किरण त्यात वरच्या बाजूला वळतात आणि आपल्याला काठाच्या खाली आभाळाची एक पट्टी दिसते. तापलेल्या डांबरी रस्त्यावर पाणी साचल्यासारखं दिसतं ना, तोच प्रकार, फक्त इथे खरोखरच्या पाण्यावर. लांबच्या होड्या अर्ध्यात कापल्यासारख्या दिसतात. फोटोत हे आलं तर लोक म्हणतात कॅमेरा हलला.

पानांच्या रंगाबद्दल फार लिहीत नाही, ते सगळीकडे आहे. थोडक्यात, हिरवं क्लोरोफिल मोडतं, मग आधीपासूनच पानात असलेले पिवळे-केशरी कॅरोटिनॉइड उघडे पडतात आणि लालसाठी काही झाडं अँथोसायनिन नव्याने बनवतात. तळ्याशी संबंध असा की मोठ्या तळ्याच्या काठावर पहिलं कडक हिमदव उशिरा पडतं, पाण्याची ऊब काठाला सांभाळून घेते, त्यामुळे आत काही किलोमीटरवरची झाडं उघडी झाली तरी काठावरची अजून रंगात असतात.

पण प्रतिबिंबाबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण त्याच्याबद्दल गैरसमज फार. प्रतिबिंब म्हणजे वरच्या देखाव्याची उलटी कॉपी असं आपण धरून चालतो. तसं नसतं. पाण्यातलं चित्र दिसतं ते जणू आपला डोळा पाण्याच्या जितका वर आहे तितकाच पाण्याखाली ठेवून वर बघितल्यासारखं, म्हणून झाडाच्या फांद्यांची खालची बाजू, पुलाचं पोट, पानांच्या मागच्या फिक्या बाजू प्रतिबिंबात दिसतात, ज्या वर बघताना दिसतच नाहीत. काठावर उभं राहून एकदा नीट ताडून बघा, मागचा डोंगर पाण्यात खूपच कमी दिसतो, कारण पुढची झाडं तो झाकतात. आणि किती उजेड परत येतो हे कोनावर ठरतं. सरळ खाली पायाशी बघितलं तर पाणी फक्त २ टक्के उजेड परत पाठवतं, म्हणून तळ दिसतो. नजर पाण्याशी १० अंशांचा कोन करत असेल तर साधारण ३५ टक्के, आणि अजून चपटी झाली की जवळजवळ सगळाच. त्यामुळे आरशासारखं तळं हवं असेल तर उभं राहून उपयोग नाही, खाली बसा, कॅमेरा पाण्याला टेकवा. काहीजण महागडा पोलरायझर फिल्टर लावतात आणि मग प्रतिबिंब फिकं का आलं म्हणून विचारतात, अहो, तो फिल्टर प्रतिबिंब उडवण्यासाठीच असतो.

पानगळीच्या शेवटी शेवटी पृष्ठभागावरचं पाणी गार होत होत खालच्या पाण्याइतकं जड होतं. उन्हाळाभर वेगळे राहिलेले थर आता एकमेकांना अडवू शकत नाहीत, एखादं जोराचं वादळ येतं आणि अख्खं तळं वरपासून खालपर्यंत ढवळून निघतं. तळाशी गेले कित्येक महिने न पोचलेला ऑक्सिजन खाली जातो, तळाचं फॉस्फरस-नायट्रोजन वर येतं. काठावर याची खूण म्हणजे पाणी अचानक गढूळ-तपकिरी होतं, कधी कुजकट वास येतो, लाटांबरोबर मेलेल्या पाणवनस्पतींचे ढीग काठाला लागतात. दिसायला हा तळ्याचा सगळ्यात कुरूप आठवडा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही हाच, पण त्याचे फोटो कोणी काढत नाही, आणि काढले तरी लाइक कोण करणार.

तळं खूपच मोठं असेल तर ही साठलेली ऊब हवामानच बदलते. कोरडी आर्क्टिक हवा उबदार सरोवरावरून जाताना खालून ऊब आणि बाष्प भरून घेते आणि पलीकडच्या काठावर सगळं बर्फ म्हणून ओतते. याला लेक इफेक्ट स्नो म्हणतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत इरी सरोवराच्या टोकाला बफेलो शहराच्या दक्षिणेकडे काही ठिकाणी १.५ मीटरहून जास्त बर्फ पडला आणि काही किलोमीटर उत्तरेला अगदी मामुली. सरोवर एकदा गोठलं की हा प्रकार मंदावतो, नळच बंद होतो.

आता गोठणं. पाणी ४ अंशांवर सगळ्यात जड, त्यामुळे तळं गोठायचं म्हणजे आधी अख्खं पाणी त्या पातळीला यावं लागतं, मगच वरचा थर खाली न बुडता वरच राहून अजून गार होऊ शकतो. उथळ काठाशी पाणी कमी, म्हणजे हे काम पटकन उरकतं, म्हणून बर्फाची पहिली काच काठाला, गवताच्या काड्यांभोवती आणि दगडांच्या कडेने धरते. खोल तळ्याला वेळ लागतो. सायबेरियातलं बैकल १६४२ मीटर खोल, जगातल्या पृष्ठभागावरच्या न गोठलेल्या गोड्या पाण्यापैकी साधारण पाचवा हिस्सा एकट्या त्याच्यात, तिथे नोव्हेंबरपासून आजूबाजूची हवा शून्याच्या कितीतरी खाली असते आणि बैकल तरीही उघडं, ते गोठतं जानेवारीत आणि उत्तरेकडचा बर्फ सुटतो तो मेच्या सुमारास. मधल्या काळात उघड्या पाण्यावरून लाटांचे तुषार उडून काठावरच्या खडकांवर आणि झुडपांवर गोठत राहतात, अख्खे कडे बर्फाच्या झालरींनी मढतात. तळं लवकर गोठलं असतं तर या झालरी तयारच झाल्या नसत्या.

बर्फाचेही प्रकार आहेत. शांत, कडक थंडीत वरून खाली वाढलेला बर्फ काचेसारखा असतो, त्यातून खालचं काळं पाणी दिसतं म्हणून त्याला काळा बर्फ म्हणतात. त्यावर बर्फवृष्टी होऊन, ती भिजून परत गोठली की पांढरा, बुडबुड्यांनी भरलेला बर्फ होतो, तो कमी मजबूत. बैकलवर वारा बर्फवृष्टी झाडून नेतो म्हणून तिथला बर्फ लांबवर पारदर्शक राहतो आणि जिथे फुटून उभा राहतो तिथे निळसर दिसतो, कारण पाणी आणि बर्फ दोन्ही लाल उजेड थोडा थोडा शोषतात आणि जाडी वाढली की निळा उरतो. कॅनडातल्या अल्बर्टामधल्या अब्राहम लेकमध्ये वेगळीच गंमत, तळाच्या गाळात सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात, बुडबुडे वर येताना बर्फात अडकतात, बर्फ अजून खाली वाढतो, त्याच जागी पुढचे बुडबुडे अडकतात, असं करत पांढऱ्या चकत्यांच्या उभ्या माळा तयार होतात. बर्फ जितका जाड तितका तो हळू वाढतो बरं का, कारण खालची उष्णता त्याच्यातूनच बाहेर पडायची असते, तीच थंडी टिकली तर दुप्पट जाडीला साधारण चौपट वेळ लागतो.

आणि आवाज! गोठलेल्या तळ्याच्या काठावर पहिल्यांदा उभा राहणारा माणूस हमखास दचकतो. बर्फ तापमानाने आकसतो-फुगतो, कुठेतरी तडा जातो आणि त्या तड्याचा हादरा बर्फाच्या पातळ पत्र्यातून पसरतो. अशा पत्र्यात उंच पट्टीचे कंप खालच्या पट्टीच्या कंपांपेक्षा वेगाने धावतात, म्हणून लांबून ऐकणाऱ्याला आधी बारीक आणि मग घसरत जाणारा आवाज येतो, 'पिऊंऽऽ', सायन्स फिक्शन सिनेमातल्या लेझर गनसारखा. जवळ उभं असाल तर फक्त 'टक्' ऐकू येतं. अंतराने आवाज बदलतो हे कळल्यावर तो आवाज किती लांबून आला याचा अंदाजही बांधता येतो थोडाफार.

वसंतात सगळं उलटं. काठाची माती गडद, ती ऊन पिते, झऱ्या-ओढ्यांचं पाणी काठाशी येतं, त्यामुळे बर्फ आधी काठापासून सुटतो आणि मध्ये एक भलीमोठी तरंगती लादी उरते. उन्हाने बर्फाच्या स्फटिकांमधल्या सीमा आधी वितळतात आणि अखंड दिसणारी लादी उभ्या कांड्यांची मोळी होऊन जाते, मग वारा सुटला की या कांड्या काठावर येऊन एकमेकींवर आपटतात आणि झुंबर हलल्यासारखा किणकिणाट करतात. हे फार थोडे दिवस टिकतं. कधी वारा जास्त असला तर तीच लादी काठावर चढून दगडमातीचे वरंबे ढकलून ठेवते, काही तळ्यांच्या काठाला जो उंच बांध दिसतो तो माणसाने घातलेला नसतो, वर्षानुवर्षं बर्फाने रेटलेला असतो.

आता हवा गरम आणि पाणी थंडगार. पानगळीतलं धुकं पाण्यातून उठायचं, वसंतातलं येतं ते उबदार दमट हवा थंड पाण्यावरून सरकताना गार झाल्यामुळे, ते दाट, सपाट, पाण्याला चिकटलेलं, आणि ते दिवसभरही टिकू शकतं. काठापासून थोडं आत गेलं की लख्ख ऊन आणि पाण्यावर पांढरी भिंत. मृगजळही उलटं होतं, आता गार दाट हवा खाली आणि गरम वर, म्हणून किरण खाली वळतात, पलीकडचा काठ उंच ताणल्यासारखा, कड्यासारखा दिसतो, क्षितिजाआडच्या गोष्टी वर आलेल्या दिसतात. फ्रांस्वा-आल्फोन्स फोरेल (१८४१-१९१२) हा स्विस शास्त्रज्ञ, जिनिव्हा सरोवराच्या काठावर आयुष्य काढलेला आणि सरोवरांचं शास्त्र ज्याने उभं केलं असं मानतात, त्याने या बदलत्या मृगजळांचा बारकाईने अभ्यास केला होता. आवाजही याच कारणाने लांब जातो, गार हवेचा थर ध्वनिलहरींना खाली वळवतो आणि समोरच्या काठावरची कुजबुज इकडे ऐकू येते, तेव्हा संध्याकाळी तळ्यावर जपून बोलावं.

झाडांनाही या थंड पाण्याचा फायदा आहे. मिशिगन सरोवराच्या पूर्व काठावर फळबागांचा मोठा पट्टा आहे तो उगाच नाही. वसंतात सरोवरावरून येणारी गार हवा झाडांना लवकर फुलू देत नाही, म्हणजे मोहर आला आणि नंतर हिमदवाने जळाला असं कमी होतं, आणि शरदात तेच सरोवर ऊब देऊन फळांना जास्त दिवस मिळवून देतं. पाणी नुसतं आळशी आहे, पण त्या आळसाचा काठाला केवढा उपयोग.

फोरेलने अजून एक गोष्ट टिपली होती, ती मला फार आवडते. मोठ्या सरोवरात वसंतात काठाजवळचं उथळ पाणी ४ अंशांच्या वर जातं तेव्हा मधलं खोल पाणी अजून ४ च्या खालीच असतं. दोन्ही पाणी हलकी, पण जिथे ती मिसळतात तिथे बरोबर ४ अंशांचं म्हणजे सगळ्यात जड पाणी तयार होतं आणि ते सरळ खाली बुडायला लागतं. काठाला समांतर अशी ही बुडणाऱ्या पाण्याची अदृश्य भिंत काही आठवडे टिकते आणि हळूहळू आत सरकते. ओढ्यांतून आलेली माती, खतं, सगळं या भिंतीच्या काठाकडच्या बाजूला अडकतं, त्यामुळे सरोवराचा काठ आधी हिरवा-तपकिरी होतो आणि मध्य निळाच राहतो, बऱ्याचदा पाण्यावर दोन रंगांमधली रेघ चक्क दिसते.

त्याच सुमारास काठाला पिवळ्या भुकटीच्या रेघा लागतात आणि लोकांना वाटतं कुणीतरी केमिकल सोडलं. ते बहुतेकदा पाइनचे पराग असतात, त्यांना दोन छोट्या हवेच्या पिशव्या असतात म्हणून ते तरंगतात. पाण्यात डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा मोसम येतो आणि पाणी तपकिरी पडतं, मग डॅफ्निया म्हणजे पाणपिसवा नावाचे इवलेसे प्राणी वाढतात आणि ते सगळं गाळून खाऊन टाकतात, आणि भर उन्हाळ्याच्या आधी काही आठवडे पाणी कमालीचं स्वच्छ होतं. जर्मनी-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या कॉन्स्टन्स सरोवरात या चक्राचा खूप अभ्यास झालाय. पाणी किती स्वच्छ हे मोजायला आजही एक साधी तबकडी वापरतात, ती दोरीने खाली सोडायची आणि दिसेनाशी कधी होते ते बघायचं. अँजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात ती वापरली होती, तेव्हापासून तिच्यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ उपकरण कुणाला सुचलेलं नाही.

उन्हाळा म्हणजे रंगांचा काळ. हिमनद्या खडक दळून पिठासारखी भुकटी करतात, बर्फ वितळला की ती तळ्यात येते आणि पाण्यात लटकून राहते, म्हणून कॅनडातली मोरेन लेक, लेक लुईस ही तळी जसा उन्हाळा चढतो तशी निळी-हिरवी होत जातात. चुन्याच्या प्रदेशातल्या तळ्यांत वेगळं घडतं, शेवाळं भरभरून कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, पाण्याचा सामू वाढतो आणि विरघळलेला चुना बारीक कणांनी बाहेर पडतो, पाणी दुधी-फिरोजी होतं. मिशिगन सरोवरात हे उपग्रहातूनही दिसतं. फोरेलने अशा रंगांसाठी काचेच्या नळ्यांत रंगीत द्रावणं भरून एक पट्टीच बनवली होती, पुढे विली ऊले या जर्मन भूगोलतज्ज्ञाने ती वाढवली आणि निळ्यापासून तपकिरीपर्यंत २१ छटांची ती पट्टी अजून वापरात आहे.

वरून तळं गरम आणि शांत वाटतं, आत मात्र थर लागलेले. वर २०-२२ अंशांचं पाणी, काही मीटर खाली गेलं की एकदम गार. पोहताना पाय खाली सोडले की कळतं. आता जर वारा बरेच तास काठाकडून आत वाहिला तर तो वरचं गरम पाणी आत ढकलतो आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी काठाशी वर येतं. मोठ्या सरोवरांत काल पोहण्यासारखं असलेलं पाणी आज १० अंशांनी गार असं होतं, आकाश तेच, ऊन तेच. दुपारी आभाळाकडेही बघा, जमिनीवर कापसासारखे ढग उठतात आणि काठाशी येऊन रेघ ओढल्यासारखे थांबतात, पाण्यावर आभाळ मोकळं. पाणी गार म्हणून तिथली हवा वर चढत नाही, ढग होणार कुठून.

याच दिवसांत मेफ्लाय नावाचे कीटक पाण्यातून बाहेर पडतात, इरी सरोवराच्या पश्चिम भागात तर एवढे की हवामानाच्या रडारवर ढगासारखे दिसतात. १९५३ च्या सुमारास तळाचा ऑक्सिजन संपल्यामुळे ते तिथून जवळपास नाहीसे झाले होते आणि १९९० च्या दशकात परत आले. अंगावर बसतात म्हणून लोक वैतागतात, पण ते असणं म्हणजे तळ्याचा तळ श्वास घेतोय. हे कीटक पाणी ओळखतात ते पृष्ठभागावरून परत आलेल्या आडव्या ध्रुवित प्रकाशावरून, म्हणजे ज्याच्या लहरी आडव्या अशा एकाच दिशेत हलतात त्या उजेडावरून, आणि काळा डांबरी रस्ता किंवा चकचकीत गाडी तसाच प्रकाश परत पाठवते, बिचारे तिथेच अंडी घालून बसतात.

हे सगळं थंड प्रदेशातलं झालं. उष्ण कटिबंधात हिवाळा-उन्हाळ्यातला फरक कमी, तिथे तळ्याचे ऋतू तापमानापेक्षा पाण्याच्या पातळीने ठरतात, आणि काठ ही ठरलेली जागाच राहत नाही. कंबोडियातलं टोनले साप कोरड्या दिवसांत २,५०० चौरस किलोमीटरच्या आसपास आणि जेमतेम मीटरभर खोल, पावसाळ्यात मेकाँग नदी एवढी चढते की सरोवरातून निघणारी नदी उलटी वाहायला लागते आणि सरोवर १५,००० चौरस किलोमीटरपर्यंत पसरतं, काठावरचं जंगल अर्धंअधिक पाण्यात आणि मासे झाडांच्या फांद्यांत. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात पाणथळ पक्षी येतात, आधी उंच पायांचे, मग जसजसं पाणी उथळ होतं तसतसे आखूड पायांचे. गाळ वाळतो, भेगा पडतात, पहिल्यांदा पडलेल्या भेगा एकमेकींना काटकोनात भेटतात, आणि गाळ बऱ्याचदा भिजला-वाळला की हेच जोड हळूहळू १२० अंशांकडे सरकतात, षटकोनी जाळी होते. म्हणजे भेगा बघून हा काठ एकदाच वाळलाय की कितीतरी वेळा, ते सांगता येतं.

पातळी उतरली की रंगही बदलतो. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा काय काय अफवा उठल्या होत्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासल्यावर कळलं की पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि हॅलोआर्किया नावाचे मीठप्रेमी सूक्ष्मजीव माजले होते, त्यांच्यातलं रंगद्रव्य गुलाबी. पाऊस पडून पाणी पातळ झालं आणि रंग गेला.

आता या सगळ्या वेळापत्रकातच बदल होतोय. जपानमधल्या सुवा सरोवरावर बर्फ धरला की त्यात तडा जाऊन उंच वरंबा उठतो, देव सरोवर ओलांडून गेला असं तिथे मानतात आणि शिंतो देवळाचे पुजारी १४४३ पासून त्याची नोंद ठेवत आलेत. पहिल्या २५० वर्षांत सरोवर न गोठलेली वर्षं फक्त ३. १९५५ ते २००४ या ५० वर्षांत १२, आणि २००५ ते २०१४ या दहाच वर्षांत ५. जगभरातल्या २३५ सरोवरांचा १९८५ ते २००९ मधला हिशोब केला तर उन्हाळ्यातलं पृष्ठभागाचं पाणी दर दशकाला सरासरी ०.३४ अंशांनी तापलंय.

सुपीरियरमध्ये तर १९७९ ते २००६ या काळात उन्हाळ्यातलं पाणी साधारण २.५ अंशांनी वाढलं, म्हणजे काठावरच्या हवेपेक्षाही वेगाने. जे पाणी हवेच्या मागे चालायचं ते पुढे कसं गेलं? बर्फ कमी धरतो, लवकर सुटतो, त्यामुळे ऊन परतवणारं पांढरं झाकण लवकर निघतं, तळं लवकर थर धरतं आणि वरच्या पातळ थराला तापायला जास्त दिवस मिळतात. पोहणाऱ्यांना बरंच वाटत असेल. पण २०१२ आणि २०१८ च्या उन्हाळ्यात, मोठ्या पुरांनंतर, याच सुपीरियरच्या दक्षिण काठावर निळ्या-हिरव्या शेवाळाचे तवंग आले, आणि हे सरोवर तर एवढं थंड आणि नितळ म्हणून ओळखलं जातं की असं काही तिथे होईल हे कुणी धरलंच नव्हतं.